पिंपळवंडीच्या विहिरीतला ग्रॅनाइट

जुन्नर तालुक्यात चार दिवस राहून शिवनेरी न चढता परत आलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. लेण्याद्रीही राहून गेली. माझे चारही दिवस एका विहिरीपायी गेले, आणि देगलूरला परत आल्यापासून भेटेल त्याला मी त्या विहिरीबद्दलच सांगते आहे. आता लिहून काढते, म्हणजे घरच्यांची तरी सुटका होईल.

मी नांदेड जिल्ह्याच्या टोकाची. आमच्याकडे गावाबाहेर पडलं की हत्तीएवढाले गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. तो सगळा ग्रॅनाइट, गुलाबी आणि करडा, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. कॉलेजात मी एकतीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर महाराष्ट्राचा उभा छेद काढायचा, वर काळ्या कातळाचे थर दाखवायचे आणि त्यांच्याखाली एक जाड रेघ मारून म्हणायचं, "इथून खाली आपलंच." म्हणजे आमचाच दगड पुण्या-जुन्नरच्या पोटातही असणार. पण तिकडे वरचा काळा कातळ इतका जाड आहे की खालचं काही नजरेला पडत नाही. एकतीस वर्षं मी ती रेघ पुस्तकांच्या भरवशावर मारली.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. यंदा फेब्रुवारीत एक फोन आला. बोलणारे रशीदभाई, जुन्नरचे, विहिरी खोदण्याचं काम करणारे. देगलूरच्या धोंड्यांवरचं माझं एक भाषण कुणीतरी मोबाइलवर टाकलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं आणि खाली दिलेल्या नंबरावर फोन लावला होता. पिंपळवंडीत एक विहीर खोदताना सुरुंगानंतरच्या राडारोड्यात त्यांना मुठीएवढा गुलाबी दगड मिळाला होता. पाठोपाठ फोटो आला. तो पाहून मी जेवण अर्धं टाकून उठले.

पुण्यातल्या एका प्राध्यापक स्नेह्यांना मी तो फोटो पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या ओट्याचा तुकडा असणार, दगड हातात आहे पण त्याची जागा कुठे आहे? त्यांचं चूक नव्हतं. कातळात जागेवर बसलेला दगड आणि राडारोड्यात सापडलेला दगड यांत साक्षीदार आणि ऐकीव गोष्ट यांच्याइतकं अंतर असतं.

मी रशीदभाईंना ते सांगितलं. ते म्हणाले की गावातही सगळे हेच म्हणतात. त्यांच्या चुलतभावाचं जुन्नरला फरशी आणि ओट्याच्या दगडांचं दुकान आहे. त्यामुळे रशीदनेच दुकानातला तुकडा विहिरीत टाकला आणि आता गमजा करतोय, अशी थट्टा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होती. "मॅडम, थट्टेचं काय न्हाई," ते म्हणाले. "पण मी लोकांना पाणी कुठं लागंल ते सांगतो. दगडाबद्दल खोटं बोलतो म्हणल्यावर पाण्याबद्दल माझं कोण ऐकणार?"

मी तिकीट काढलं.

शुक्रवार, पिंपळवंडी

नारायणगावच्या स्टँडवर रशीदभाई पिकअप घेऊन आले होते. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, मोजकं बोलणारा माणूस. मार्च लागला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची काढणी चालू होती आणि द्राक्षांच्या बागांवर जाळ्या ताणलेल्या होत्या. आमच्याकडे या दिवसांत रान तपकिरी होऊन पडलेलं असतं. इथे इतकी हिरवळ पाहून मला उगाच हेवा वाटला.

विहीर कुसुमताईंची. त्यांचे मिस्टर चाकणला कंपनीत असतात, रविवारी येतात. शेती ताईच बघतात. त्यांनी मला आधी जेवायला बसवलं. मासवडी मी पहिल्यांदा खाल्ली. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आम्ही ज्वारीची माणसं, बाजरी आमच्याकडे फार तर संक्रांतीला. दोन भाकऱ्या झाल्यावर मी हात आखडला, तर ताईंनी तिसरी न विचारता वाढली.

जेवण झाल्यावर रशीदभाईंनी धुतलेल्या फडक्यातून दगड काढला. मी भिंगाखाली धरला. गुलाबी फेल्डस्पारचे दाणे, काचेसारखं क्वार्ट्झ, मधूनमधून चमकणारा काळा अभ्रक. ग्रॅनाइट होता यात शंका नव्हती. एका कडेला काळसर पापुद्रा होता, पण तो सुरुंगाचा धूर आहे असं कुणीही म्हटलं असतं.

मग विहिरीवर गेलो आणि तिथे माझा हिरमोड झाला. पन्नास फूट खोल विहीर, आणि तळाशी पंधरा फूट पाणी. दगड निघाला तो भाग पाण्याखाली. मोटार आदल्या दिवशी जळाली होती आणि दुरुस्तीवाला सोमवारी देतो म्हणत होता. सोमवारीच विहिरीला सिमेंटची रिंग टाकणारी माणसं येणार होती. वरचा मुरूम ठिसूळ, तो ढासळला तर सगळी मेहनत वाया, म्हणून ताईंनी विहिरीला वरपासून तळापर्यंत रिंग घालायचं ठरवलं होतं. एकदा रिंग पडली की मागचा कातळ कायमचा झाकला जाणार.

मी रिंग आठवडाभर पुढे ढकलता येईल का असं विचारलं. कुसुमताईंनी सरळ नाही म्हटलं. त्या माणसांची तारीख दोन महिन्यांनी मिळाली होती. "मॅडम, तुमच्या दगडाला करोड वर्सं झाली असतील, माझ्या मुरमाला दम न्हाई," त्या म्हणाल्या. मला त्यांचं पटलं, म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

रशीदभाई काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी ताईंना विचारलं, की लोणीला तुमच्या भावाकडे डिझेल इंजिन आहे ना?

शनिवार, लोणी

लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, ताईंचं माहेर. सकाळी आम्ही तिघं पिकअपच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलो. वाटेत रशीदभाईंनी मला त्यांची विद्या सांगितली. या भागात दगड दोन तऱ्हेचा, आडवा आणि उभा. आडवा म्हणजे थरावर थर. उभा म्हणजे त्या थरांना चिरत भिंतीसारखा वर आलेला. उभ्या दगडाच्या कडेला पाणी साचतं, म्हणून ते आधी उभा दगड शोधतात आणि मग विहिरीची जागा दाखवतात. आम्ही ज्याला डाइक म्हणतो आणि एक अख्खं प्रकरण शिकवतो, ते या माणसाने चालून चालून शोधलं होतं. आडवे थर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा. उभा दगड म्हणजे तो लाव्हा ज्या भेगांतून वर चढला, त्या भेगांत थिजून राहिलेला रस.

कळंबच्या अलीकडे त्यांनी गाडी आत घेतली. विहिरीतला उभा दगडच इथेही डोकं वर काढतो असा त्यांचा अंदाज होता. उसाच्या फडाला लागून काळ्या दगडांची बुटकी रांग दिसत होती. मी दोन तास हातोडी चालवली. गुलाबी काही दिसलं नाही, फक्त माझ्या अंगठ्याचं नख काळं झालं. फडाच्या कडेला ओल्या मातीत बिबट्याचे ताजे ठसे होते. मी ते कौतुकाने बघायला वाकले, तर ताईंनी दंडाला धरून मला गाडीत बसवलं.

लोणीला ताईंचे भाऊ दत्ताभाऊ यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि हसतच मला स्वयंपाकघरात नेलं. "ह्यो बघा ग्रॅनाइट. एवढ्यासाठी नांदेडवरनं आला व्हय?"

काळाकुळकुळीत, आरशासारखा ओटा. वहिनी त्यावर चहा ठेवत होत्या. मी भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं की हा ग्रॅनाइट नाही. दुकानदार काळ्या दगडालाही ग्रॅनाइट म्हणतात, पण हा ताईंच्या विहिरीतल्या उभ्या दगडाचाच भाऊबंद आहे, कुठूनतरी दक्षिणेतून कापून, घासूनपुसून आलेला. मग मी रशीदभाईंचा दगड त्याच्या शेजारी ठेवला. वहिनींनी गॅस बारीक केला आणि वाकून दोन्ही दगड पाहिले.

दत्ताभाऊंनी विचारलं, मग खरा ग्रॅनाइट झाला कसा? एकतीस वर्षांत हा प्रश्न मला इतक्या मनापासून कुणी विचारला नव्हता. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सांगत गेले. पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांचं आहे. फार जुन्या काळी खंड लहान लहान होते, ते एकमेकांवर येऊन आदळत. एक तुकडा दुसऱ्याच्या खाली दबला की आपल्याबरोबर ओल घेऊन जातो, आणि तापलेल्या दगडात ओल शिरली की तो लवकर वितळतो. शिवाय धडक बसून कवच जाड झालं की त्याचा तळ खोल उष्णतेत जातो आणि तिथेही वितळतो. हा वितळलेला रस वर चढतो, पण पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. काही मैल खोल अडकतो आणि लाखो वर्षं हळूहळू निवत राहतो. सावकाश निवला म्हणून दाणे एवढे मोठे. लाव्हा वर येऊन पटकन निवला, म्हणून तुमच्या काळ्या कातळाचे दाणे डोळ्यांना दिसतही नाहीत. इतक्या जुन्या काळी तुकडे खाली दबायची रीत आजच्यासारखीच होती, की नुसतं जाड झालेलं कवच स्वतःच्या तळाशी वितळत होतं, यावर अजून वाद आहे. मी दोन्ही बाजू सांगितल्या.

"म्हंजी आमच्या खाली ह्यो हाय?" दत्ताभाऊंनी बोट ठेवून विचारलं.

मी म्हटलं, असावा. उद्या तुमच्या इंजिनाने पाणी उपसलं तर कळेल.

त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि इंजिन गाडीत चढवायला गडी बोलावले. आम्ही पिंपळवंडीला पोचलो तेव्हा अजून उजेड होता.

रविवार, विहिरीत

इंजिन पहाटेच चालू केलं होतं. मी गेले तेव्हा पाट भरून वाहत होता आणि कुसुमताईंनी ते पाणी कांद्याच्या शेवटच्या पट्ट्याला वळवून घेतलं होतं. काठावर माणसं जमू लागली होती. रविवार, त्यात बाई विहिरीत उतरणार. ग्रुपवर थट्टा टाकणारे गृहस्थही आले होते, रशीदभाईंनी मला हळूच दाखवले. दुधाचा धंदा करणारे, बोलके, सगळ्यांना नावाने हाका मारणारे.

अकरा वाजता तळ उघडा पडला. खोदकामाच्या क्रेनच्या लोखंडी टोपल्यात मी आणि रशीदभाई उभे राहिलो. मी साठीची, उंचीची भीती जन्मापासूनची. टोपलं काठ सोडून आत झुललं तेव्हा मी डोळे मिटून घेतले आणि रशीदभाईंची बाही घट्ट धरली. ते नुसतं म्हणाले, "भितीकडं बघा मॅडम, खाली नका बघू."

भिंतीकडे पाहिलं आणि भीती विसरले. वर लाल मुरूम, मग काळे आडवे थर, एकावर एक. तीस फुटांवर त्यांना सरळ कापत उभा दगड सुरू झाला, पुरुषभर रुंद, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. कडेच्या फटीतून पाणी पाझरत होतं. रशीदभाईंनी बरोबर जागा दाखवली होती.

तळाशी चिखल घोट्यापर्यंत. दगड निघाला होता त्या बाजूला मी गेले. भिंतीवर गाळाचा आणि सुरुंगाच्या भुकटीचा लेप होता. मी तारेच्या ब्रशने घासायला लागले. काळं, काळं, नुसतं काळं. अर्धा तास गेला. माझ्या मनात पुण्याच्या स्नेह्यांचं वाक्य फिरायला लागलं होतं. रशीदभाईंचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी त्यांनी वर हाक मारून इंजिनाचा पाटाकडचा पाइप खाली सोडायला लावला, पाटात जाणारं पाणी उलटं वळवलं आणि भिंतीवर जोराची धार धरली.

गाळ धुऊन खाली आला आणि काळ्या कातळात गुलाबी रंग उजळला.

एक नव्हे, पाच होते. सगळ्यांत लहान सुपारीएवढा, सगळ्यांत मोठा नारळाएवढा. काळ्या दगडात चारी बाजूंनी गच्च बसलेले, लाडवात बेदाणे असावेत तसे. मी मोठ्या दगडावरून बोट फिरवलं. त्याच्या कडा वितळून काचेसारख्या झाल्या होत्या आणि त्यांना लागून काळ्या रसाची बारीक, करपल्यासारखी किनार होती. लाव्हा खालून वर येताना वाटेतल्या खडकाचे तुकडे उपटून घेऊन आला होता. तुकडे पुरते वितळायच्या आत रस थिजला, आणि ते साडेसहा कोटी वर्षं तिथेच राहिले.

त्याहून मोठी गोष्ट मला भिंग लावल्यावर दिसली. नारळाएवढ्या दगडाचा अर्धा भाग करडा आणि पट्ट्यापट्ट्यांचा होता. ते पट्टे चेपून वाकले होते आणि त्यांना आडवी छेदत एक गुलाबी शीर गेली होती. म्हणजे आधी करडा दगड झाला, मग तो प्रचंड दाबाखाली चेपला, खंड आदळले की असा दाब येतो, आणि त्यानंतर गुलाबी ग्रॅनाइटचा रस त्यात घुसला. हाच क्रम, याच रंगांत, मी देगलूरच्या धोंड्यांवर शेकडो पोरांना बोटाने दाखवला होता. मी भिंग न हलवता पुन्हा पुन्हा तीच शीर बघत राहिले. रशीदभाईंनी विचारलं, काय दिसलं?

मी म्हटलं, "रशीदभाई, हा आमच्या गावचा दगड आहे. तुमच्या विहिरीत निघाला."

ते भिंतीजवळ आले, त्यांनी ओला तळहात त्या दगडावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग वर काठाकडे मान करून म्हणाले, "मी टाकला असता तर भितीत कसा बसवला असता, या आन् बघा."

माणसं आली. टोपलं दिवसभर वरखाली होत राहिलं. दत्ताभाऊ इंजिन न्यायला आले होते, तेही उतरले आणि आपल्या ओट्याशी ताडून पाहतो म्हणून तीन फोटो काढून घेऊन गेले. ताईंचे मिस्टर उतरले. ताई स्वतः उतरल्या, दगड पाहिला आणि त्याच्यापेक्षा पाझराकडे जास्त वेळ बघत राहिल्या. दूधवाले गृहस्थ सगळ्यांत शेवटी उतरले आणि वर आल्यावर सरळ रशीदभाईंकडे गेले. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी विचारलं, माझ्या वरच्या रानात उभा दगड कुठून जातो ते बघायला कधी येता? रशीदभाईंनी वही काढून त्यांना पुढच्या आठवड्यातला वार दिला. मान ताठ होती, पण आवाजात फरक नव्हता.

मला नमुना हवा होता. मोठा दगड काढायला रशीदभाई तयार होईनात. छिन्नीने त्यांनी एक लिंबाएवढा तुकडा अशा बेताने सोडवला, की त्याच्या दोन्ही बाजूंना काळा कातळ चिकटलेला राहिला. आता कुणी धूर म्हणणार नव्हतं.

सोमवार

रिंगवाले सकाळी सातला आले. सामान उतरत होतं तेव्हा कुसुमताई त्यांच्या मुकादमाला घेऊन काठावर उभ्या राहिल्या. मी लांबून बघत होते. त्या बोट दाखवत होत्या, तो मान हलवत होता. तसं केलं तर रिंगची ताकद जाईल असं त्याचं म्हणणं. ताई अर्धा तास हटल्या नाहीत. शेवटी ठरलं की उभ्या दगडासमोर रिंगमध्ये दोन फुटी चौकोन मोकळा ठेवायचा आणि त्याच्या भोवती सळई दुप्पट घालायची. उभा दगड स्वतःच इतका भक्कम आहे, त्याला टेकू कशाला, हा मुद्दा ताईंनीच काढला आणि मुकादमाला तो खोडता आला नाही.

मी त्यांना विचारलं, शुक्रवारी तर तुम्ही एक दिवस द्यायला तयार नव्हता.

"दिवस न्हाई दिला, बरोबर," त्या म्हणाल्या. "खिडकी दिली."

निघताना त्यांनी डब्यात मासवडी बांधून दिली. ती परभणीपर्यंतही उरली नाही.

घरी आल्यावर मी जुन्या प्रयोगशाळेत जाऊन त्या तुकड्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ग्रॅनाइटच्या कडेचं क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार वितळून काच झालेलं स्वच्छ दिसलं. ओट्याचा दगड कितीही वर्षं चुलीशेजारी राहिला तरी असा वितळत नाही. त्याचं नेमकं वय अजून मोजायचं आहे आणि ते मोठ्या यंत्राचं काम आहे, तोवर मी देगलूरचा सख्खा भाऊ असं लेखी म्हणणार नाही. तोंडी मात्र सगळ्यांना म्हणते आहे.

पुण्याच्या स्नेह्यांना मी कापाचे आणि भिंतीचे फोटो पाठवले. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. आधी त्यांनी मोकळेपणाने अभिनंदन केलं, मग जरा घुटमळत विचारलं की त्यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना तो दगड जागेवर पाहता येईल का. मी सांगितलं, ते माझ्या हातात नाही, आणि रशीदभाईंचा नंबर दिला.

त्याच संध्याकाळी रशीदभाईंचा फोन आला. "मॅडम, पुण्याचं सर येत्यात, तीस पोरं घिऊन. मी म्हणलं, पाणी उपसून दहा-दहाच्या तुकडीनं सोडीन. आन् दगड कसा आला त्ये आधी मी सांगणार, मग तुमी शिकवा."

मी विचारलं, सर काय म्हणाले?

"व्हय म्हणलं," रशीदभाई म्हणाले. "लिहून घेतो म्हणलं."